निळ्या झाकणाची बाटली

डार्विन, ९ ऑगस्ट

थेमेलिस मामा,

सगळं बदललं तो क्षण सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी फिलोमेना लाय मला म्हणाली, "त्याला हात लावू नकोस."

तोवर मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा एक इसम होतो. आता मी त्याच बाटल्या धुतो, पण कारण वेगळं आहे.

ठरल्याप्रमाणे पत्र लिहितोय. फोनवर आपलं शेवटचं बोलणं मी कॉलेज सोडलं त्या दिवशी झालं, आणि ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं. कागदावर ओरडता येत नाही, हा तुझा मुद्दा मला पटला. माझाही एक मुद्दा आहे. मी सरांच्या अंगावर डस्टर फेकला नव्हता, बाजूला फेकला होता. औषधशास्त्राचं ते वर्ष मी त्यांच्या हसण्यामुळे सोडलं, डस्टरमुळे नाही. आई अजून डस्टरच धरून बसलीय.

तर फिलोमेना. तिचे आईवडील तिमोर बेटावरून होडीतून इथे आले, ती इथलीच. माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि बोलते फार कमी. ती काम करते मेलानोमावर, म्हणजे तो काळ्या तिळाचा कॅन्सर. इथल्या उन्हात आपल्या लोकांत एकही घर असं नाही, ज्यातून त्यानं कुणाचा तरी काका किंवा निदान नाकाचा शेंडा नेलेला नाही, हे तुला सांगायला नको. त्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवतात आणि त्यांच्यावर गांज्यातून काढलेला अर्क टाकतात. नशा आणणारा भाग नाही, दुसराच. मामा, मी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. आधी फुगल्या, मग सुरकुतल्या, मग मेल्या.

पण तिचं मोठेपण पुढेच आहे. ती शेजारी दुसरी ताटली ठेवते. तिच्यात तेच सगळं, फक्त अर्क नाही. ती तुलनेची ताटली. तुलनेशिवाय निकालाला किंमत नाही म्हणते. आणि मोजणाऱ्याला कुठल्या ताटलीत काय आहे हे माहीत असता कामा नये, नाहीतर मन आपल्याला हवं तेच मोजतं. म्हणून खुणा दुसरंच कुणीतरी करतं आणि शेवटपर्यंत सांगत नाही. यापेक्षा प्रामाणिक बाई मी पाहिलेली नाही.

मी हात लावणार होतो ती तुलनेचीच ताटली होती.

पहिले आंबे उतरले की एक खोकं पाठव. माझ्यासाठी नको.

तुझा,
सावास

मातारांका, १९ ऑगस्ट

सावास,

पत्र मिळालं. एका बाईनं तुला "हात लावू नकोस" म्हटलं आणि तुझं आयुष्य बदललं. हे वाक्य मला पुष्कळ बायकांनी ऐकवलंय. माझं काही बदललं नाही, मी अजून आंबेच लावतो.

डस्टर बाजूला फेकला म्हणतोस. नेम चुकला म्हण. आपल्या घराण्यात बाजूला कोणी फेकत नाही.

आंबे ऑक्टोबरात, इथला उन्हाळा लागला की. आत्ता झाडावर आहे ते गोट्यांएवढं. तोवर प्रेम टिकव.

ते अर्काचं पुन्हा एकदा नीट लिही. ताटलीत टाकतात म्हणजे वरून चोळल्यासारखंच झालं ना? तेलात मुरवला तर चालतो का? माणसाच्या कातडीतून आत जातो का? सहज विचारतोय. डल्सीच्या पेट्रोल पंपावरच्या खाणावळीत विषय निघाला. तिच्या नवऱ्यानं, मर्व्हनं, पंपामागे टोमॅटो लावलेत. त्यांना टोमॅटो कधीच येत नाहीत.

आईला सांग, मी बरा आहे. जेवतोय.

थेमेलिस

डार्विन, ३० ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी कॉलेजात होतो तोवर तू एकदाही विचारलं नाहीस की तिथे काय शिकवतात. आता सोडल्यावर प्रश्न विचारतोस. तरीही मी खूश आहे. मी फिलोमेनाला सांगितलं, माझ्या मामाला तुझ्या कामाविषयी शंका आहेत. ती म्हणाली, "छान." आणि हे "छान" तिनं मान वर करून म्हटलं. लाँड्रिगनशी ती कधीच मान वर करून बोलत नाही. लाँड्रिगन म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा. मला "बाटलीवाला" म्हणतो. मी अजून त्याला काही केलेलं नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी तिला विचारली नाहीत. ती कामात होती, आणि मला येतच होती.

वरून चोळल्यासारखंच? हो, तसंच की. तेलात? तेलात तर उत्तम विरघळतो, पाण्यातच विरघळत नाही. कातडीतून? का नाही जाणार, कातडी म्हणजे काय पत्रा आहे? कातडीचाच रोग, मग औषध कातडीवाटेच जाणार, ही साधी अक्कल आहे.

मर्व्हला सांग, टोमॅटोंना उन्हाळ्यात सावली लागते.

सावास

मातारांका, १३ सप्टेंबर

सावास,

आता ऐक. तुला अभिमान वाटेल अशी गोष्ट आहे, म्हणून बसून वाच.

माझ्या दोन्ही हातांवर, कोपराच्या खाली, एकेक डाग आहे. बरेच दिवसांचे. मी ते चिकाचे धरून चाललो होतो. आंब्याचा चीक उडाला की भाजतं, काळं पडतं, जातं. हे गेले नाहीत. डाव्या हाताचा जरा जास्तच काळा, कडेनं फाटल्यासारखा. डॉक्टरकडे जायचं मनात आलं होतं. मग आठवलं की मागच्या खेपेला दाखवायला नाक घेऊन गेलो आणि थोडं कमी घेऊन परत आलो.

तेवढ्यात तुझं पत्र आलं.

मर्व्हच्या टोमॅटोंची, म्हणजे तू म्हणतोस त्याच झाडाची, पानं डल्सीनं आपल्या ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मुरवली. तेल आपल्या बेटाचं, कालिम्नोसचं, चुलतभावानं डबा पाठवलाय तेच. मग तिनं दोन काळ्या बाटल्या भरल्या. एका बाटलीत ते औषध, दुसरीत नुसतं तेल, तुलनेसाठी. एकीला निळं झाकण, एकीला लाल. कशात काय ते फक्त तिलाच माहीत. मी तिला शपथ घातलीय, नाताळापर्यंत मला सांगायचं नाही. मी गळ घातली, दमदाटी केली तरी नाही. परवा मी खरंच गळ घातली. तिनं मला पंपावरून हाकलून दिलं. बाई भरवशाची आहे.

वासावरून ओळखशील, असं म्हणशील. बागेआधी अर्धा जन्म घरं रंगवली मी, माझं नाक केव्हाच निवृत्त झालंय.

निळं डाव्या हाताला, लाल उजव्याला. सकाळी आणि जेवणाआधी. आंबे मापायची कडी असते ना, लहानातली लहान, ती रविवारी डागावर ठेवून बघतो.

तुझ्या फिलोमेनाला सांग, मामाचा प्रयोग अगदी तिच्यासारखाच आहे, फक्त ताटलीच्या जागी मामा आहे.

आणि निकाल सांगतो. डावा फिका पडायला लागलाय.

आईला यातलं काही कळता कामा नये. सोबत थोड्या कैऱ्या.

थेमेलिस

डार्विन, २२ सप्टेंबर

मामा,

मी पत्र हातात घेऊन उभाच होतो. बस म्हणाला होतास, ते नंतर आठवलं.

आधी वाटलं, तुला विचारावं, डॉक्टरला का नाही दाखवत? मग वाटलं, हे विचारणारा मी कोण? शास्त्रावर विश्वास नाही म्हणून मी कॉलेज सोडलेलं नाही. डाग फिका पडतोय म्हणजे पडतोय. तुला चष्म्याशिवाय रंग कळतो. आपल्या घराण्यात अशी शिस्त कुणी दाखवली नव्हती. तुलना काय, झाकणं काय! लाँड्रिगनच्या प्रयोगात असली शिस्त नसते.

फिलोमेना परिषदेसाठी पर्थला गेलीय. जायच्या आधी तिनं तुझी कैरी खाल्ली, मीठ आणि मिरची लावून, खिडकीशी उभं राहून. म्हणाली, "तुझ्या मामाला कैरी कधी तोडायची ते कळतं." मामा, तिनं माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य आहे. आणि ते तुझ्याविषयी आहे. हरकत नाही.

ती परत आली की मी तिच्यासमोर तुझे फोटो ठेवणार. डल्सीकडून दोन्ही हातांचे काढून घे, उजेडात. ती वर्षानुवर्षं ताटलीत जे बघते ते मी तिला माणसाच्या हातावर दाखवीन. मग ती मला बाटल्या धुणारा समजणार नाही.

तोवर चालू ठेव. एक दिवस चुकवू नकोस.

सावास

मातारांका, ५ ऑक्टोबर

सावास,

फोटो सोबत. डल्सीनं काढलेत, म्हणून एकात तिचा अंगठा आहे. तो मोजू नकोस.

बघ. उजवा होता तसाच आहे, तपकिरी, खडबडीत, मठ्ठ. डावा मधोमध जवळजवळ पांढरा झालाय. कडेला थोडा काळा उरलाय, तेवढा नाताळापर्यंत जाईल. डाव्यानं उजव्याला मैदानाबाहेर काढलंय. निळ्या झाकणात काय आहे ते आता मला डल्सीनं सांगायची गरज नाही, पण मी तिला तसं म्हटलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त. मी हे म्हटलं तेव्हा ती आत जाऊन पाव भाजायला लागली.

तोडणी सुरू झाली. माणसं मिळत नाहीत. मीच काठी घेऊन फिरतोय. दिवसभर काठी वर धरून डावी काख सुजलीय, गाठ आल्यासारखी. म्हातारा झालो, दुसरं काय. ढग रोज येतात, गडगडतात, पाऊस न पाडता जातात, आणि माणसं एकमेकांवर खेकसतात. दरवर्षीचंच.

आंब्यांचं खोकं ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय. वरचे तिला दे. खालचे दबलेले आईला.

थेमेलिस

डार्विन, १४ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या गाडी काढ आणि कॅथरीन गावच्या दवाखान्यात जा. कारण खाली लिहिलंय. पण ते वाचायला थांबू नकोस.

थांबलाच असशील. मग वाच.

काल मी फिलोमेनापुढे फोटो ठेवले. शेजारी आंबे ठेवले. मी केस विंचरून गेलो होतो. म्हटलं, "माझ्या मामाचा प्रयोग आहे. तुलनेसकट."

तिनं आंब्यांकडे पाहिलं नाही. फोटो खिडकीपाशी नेला.

"हे कोणी करायला सांगितलं?"

म्हटलं, "सांगितलं असं नाही. मी पत्रात थोडं समजावलं होतं."

"काय समजावलंस?"

मी सांगितलं. कातडी म्हणजे काय पत्रा आहे, तेही सांगितलं. तिला ते आवडेल असं मला वाटलं होतं.

"सावास," ती म्हणाली. माझं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं. "ताटलीत मिठाचं पाणी ओतलं तरी या पेशी मरतात. साबण ओतला तरी मरतात. तू रोज धुतोस त्या बाटल्यांत मरतात. ताटलीत मेल्या म्हणजे माणसात मरतील असं नाही. माणसावर आम्ही अजून काहीच केलेलं नाही. आधी नीट बघायला वर्षं जातील, आणि कदाचित शेवटी हाती काही लागणार नाही."

"पण डावा फिका पडलाय," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारते. फिका पडणं म्हणजे बरं होणं नसतं. कधी कधी शरीर झगडतं म्हणून वरचा रंग जातो, आणि तोवर रोग आत, गाठींपर्यंत उतरलेला असतो. त्यांच्या काखेत काही आहे का? डाव्या?"

मी तुझं पत्र तिच्यापुढे केलं. काठीचं लिहिलंयस तिथे बोट ठेवलं.

तिनं ते वाचलं आणि मला परत दिलं. म्हणाली, "ताटलीला काख नसते, सावास."

मामा, मी तुला जे लिहिलं ते मला येत नव्हतं. येतं असं वाटत होतं. तिला विचारायला दहा पावलं चालावं लागलं असतं, पण मला ती उत्तरं माझीच म्हणून हवी होती.

ते तेल फेक. दोन्ही. दोन्ही डाग दाखव, काख दाखव. <u>आज जा. आज. आजच.</u>

सावास

मातारांका, २२ ऑक्टोबर

सावास,

पत्रात ओरडायचं नाही असं ठरलं होतं. तू तीन ठिकाणी खाली रेघ मारलीस. शेवटची रेघ कागद फाडून गेलीय. हे ओरडणंच आहे.

ऑगस्टात लिहितोस, पेशी मेल्या. सप्टेंबरात लिहितोस, एक दिवस चुकवू नकोस. आता म्हणतोस, फेकून दे. मधे काय झालं? एका मुलीनं तुझं नाव घेतलं. तिनं उद्या म्हटलं की आंबा विषारी आहे, तर तू माझी झाडं तोडायला येशील.

मी तिला नावं ठेवत नाही. ती तिचं काम करते. मी माझं करतोय. डाग फिका पडतोय हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय, आणि औषध लागू पडत असताना ते बंद करणारा माणूस मूर्ख असतो. काख काठीनं सुजलीय. झाडांवर आंबे पिकायला लागलेत, तोडायला मी आणि मर्व्ह, आणि मर्व्ह दुपारनंतर कामाचा नसतो. नाताळात डल्सी झाकणांचं सांगेल, मग बघू.

काम अर्ध्यावर सोडायचा स्वभाव तुझा आहे. माझा नाही.

थेमेलिस

मातारांका, पेट्रोल पंप, २७ ऑक्टोबर

सावास बाळा,

मी डल्सी. लहानपणी सुट्टीत मामाकडे यायचास तेव्हा माझ्याकडचं आइस्क्रीम फुकट खायचास, ती. पत्र लिहायची मला सवय नाही, म्हणून थोडक्यात.

निळ्या झाकणात नुसतं ऑलिव्ह तेल आहे. मर्व्हचा गांजा लाल झाकणात आहे, उजव्या हाताला.

म्हणजे जो डाग पांढरा पडला त्याला औषध लागलंच नाही. तो आपणहून पांढरा पडलाय. हे मला सप्टेंबरपासून दिसतंय. चांगलं की वाईट ते मला कळत नव्हतं. पण तो माझ्यापुढे हात नाचवत "बघ डल्सी, निळा जिंकला" म्हणायचा, तेव्हा मी पाव भाजायला आत निघून जायचे. एकदा सांगायला गेले तर कानांवर हात ठेवून गाणं म्हणायला लागला. म्हणे, शिस्त.

काल मी पावाचा ट्रे त्याच्या हातात दिला. डावा हात वर जाईना. ट्रे खाली ठेवला आणि आज भूक नाही म्हणाला. पाव त्यानं नाकारला असं मी याआधी पाहिलेलं नाही.

मी शपथ मोडलीय ते त्याला माहीत नाही. माझं तो ऐकणार नाही. भांडायला त्याला बरोबरीचं माणूस लागतं, आणि ते या सगळ्या रस्त्यावर तूच एक आहेस. ये.

डल्सी

ता. क. मर्व्ह म्हणतो, सॉरी सांग. त्यानं टोमॅटो उपटून टाकलेत. तो रडला, पण ते टोमॅटोंसाठी असावं.

डार्विन, १ नोव्हेंबर, रविवार सकाळ

मामा,

हे पत्र टपालात टाकत नाही. स्वतः घेऊन येतोय. तुझ्या ओट्यावर आलो की बोलायला सुरुवात करणार नाही, कारण आपण बोललो की काय होतं ते दोघांनाही माहीत आहे. हा कागद तुझ्यापुढे ठेवीन आणि पायरीवर बसेन. तू वाच. संपलं की हाक मार.

पहिली गोष्ट. निळ्या झाकणात नुसतं तेल होतं.

डल्सीवर चिडू नकोस. आता तू म्हणशील, म्हणजे कालिम्नोसचं तेल गांज्यावर भारी पडलं. म्हणू नकोस. मी रस्त्यानं येताना याच वाक्यावर हसेन, तेवढं पुरे. तू प्रयोग नीट केलास, मामा. लाँड्रिगनपेक्षा नीट. तुलना ठेवलीस, झाकणं लपवलीस, कडी लावून बघितलीस. त्या प्रयोगाचं उत्तरही नीट आलंय, आणि ते असं आहे: औषधानं काही केलं नाही, आणि डाव्या हातावर जे चाललंय ते आपणहून चाललंय. हे उत्तर तुझंच आहे. माझंही नाही, तिचंही नाही. दुसऱ्या कुणाचं तू मानतही नाहीस.

उद्या सोमवारी सकाळी कॅथरीनला तुझा नंबर लावलाय. फोन मीच केला आणि ओरडलो नाही. माझा आवाज ऐकून पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही रडताय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी नंबर दिला. डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

आंब्यांचं. आज दिवस असेतो मी तोडेन, उद्या तुला सोडून परत येऊन तोडेन. मर्व्हला तोडणी होईपर्यंत दुपारनंतर प्यायला बंदी, डल्सीनं कबूल केलंय. काठी मला लहानपणी तूच धरायला शिकवलीस. हे काम मी अर्ध्यावर सोडलेलं नाही, सुट्टी संपायची म्हणून जायचो.

आज संध्याकाळी फिलोमेनाच्या आईनं मला जेवायला बोलावलं होतं. मी मागितलेलं आमंत्रण नव्हे, आपणहून आलेलं. मी गेले कित्येक आठवडे याच एका गोष्टीसाठी जगत होतो आणि तुला हातावर तेल चोळायला लावत होतो. काल तिला म्हटलं, येऊ शकत नाही, मामाकडे जायचंय. ती "छान" म्हणाली नाही. आज सकाळी डबा घेऊन दारात आली. म्हणाली, "आईनं दिलाय. अर्धा तुझा, अर्धा त्यांचा. आणि भांडू नकोस." मी म्हटलं, "मी कधी भांडतो?" ती पहिल्यांदा हसली. सरांसारखं नव्हे.

डबा गाडीत ठेवलाय. तिमोरचं जेवण आहे, तिखट असेल. भूक नाही म्हणायचं नाही.

आता शेवटचं. अर्ध्यावर सोडायचा स्वभाव माझा आहे, असं लिहिलंस. कबूल. त्यात माझ्याइतका तरबेज माणूस तुला सापडायचा नाही. मग हे एवढं माझ्याकडून शीक. नाताळाची वाट बघू नकोस. बाग आहे तशी सोड, बाटल्या आहेत तिथे सोड, पिकलेले आंबे झाडावर सोड. अवघड काही नसतं. हातातलं खाली ठेवायचं. उठायचं. मागे बघायचं नाही, मागे बघितलं की माणूस बसतो. बाहेर पडायचं आणि दार लावून घ्यायचं.

असं. आता मी पेन खाली ठेवतो. उठतो. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

सावास